मोजलेल्या बाया, न मोजलेली जात

१

दलित साहित्याने गेल्या साठ वर्षांत साक्ष देण्याचे काम धीटपणे केले. गावकुसाबाहेरचे जगणे आत्मकथनातून, कवितेतून, कथेतून मराठी वाचकापुढे आले आणि ‘हे आम्हांला ठाऊकच नव्हते’ असे म्हणण्याची सोय प्रस्थापितांना उरली नाही. परंतु साक्षीचा एक प्रकार अजून आपण पुरता हाती घेतलेला नाही. तो म्हणजे आकड्याची साक्ष. कोण किती जगले, कोण कशाने मेले, कोणाला औषध वेळेवर मिळाले आणि कोणाला मिळाले नाही, याचा हिशेब मांडणारे एक शास्त्र आहे. मराठीत त्याला साथरोगशास्त्र म्हणतात. नावात साथ असली तरी कर्करोगापासून कुपोषणापर्यंत कोणताही रोग माणसांच्या समूहात कसा वाटला जातो, हा त्याचा विषय; आणि संख्याशास्त्र हे त्याचे हत्यार. विद्यापीठात या दोन शास्त्रांचा संशोधक म्हणून मी काम करतो. या लेखात मला एका जिल्ह्याचा आणि त्या जिल्ह्यात झालेल्या एका संशोधनाचा इतिहास सांगावयाचा आहे.

जिल्हा उस्मानाबाद, २०२३ पासून अधिकृतपणे धाराशिव. जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत या जिल्ह्याचे नाव जे आले, ते तुळजापूरच्या भवानीमुळे आले नाही किंवा नळदुर्गच्या किल्ल्यामुळेही आले नाही. ते तेथील एक लाख एकतीस हजार बायांमुळे आले. या बायांनी जगाला एक आकडा दिला. त्या आकड्याने जगाचे धोरण बदलले. त्या आकड्यात काय आहे आणि काय नाही, हे आपण वाचावयास शिकले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

२

आधी मोजण्याच्या इतिहासाबद्दल थोडे.

मराठवाड्याच्या गावगाड्यात मरणाची बातमी वाहून नेणे हे महाराचे काम होते. गावात कुणी मेले की सांगावा घेऊन दहा-वीस कोस चालत जावयाचे, सोयऱ्याच्या दारात उभे राहून वार्ता द्यावयाची आणि भाकरीचा तुकडा घेऊन परतावयाचे. म्हणजे मृत्यूची माहिती गोळा करणारा आणि पोहोचवणारा माणूस आपला होता. ती दप्तरात उतरवणारा हात पाटील-कुलकर्ण्याचा. कसबे तडवळे या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावी फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले, तेव्हा या वेठीच्या वतनाचाच प्रश्न तेथे होता. त्या परिषदेची आठवण आजही या भागात जागती आहे. वतने पुढे कायद्याने गेली. पण माहिती वाहणारा एक आणि तिच्यावर हुकमत असणारा दुसरा, ही विभागणी मात्र वतनाबरोबर गेली नाही. आजच्या संशोधनातही घरोघर हिंडून प्रश्नावली भरणारा कार्यकर्ता पुष्कळदा आपल्यातला असतो आणि कोणता प्रश्न विचारावयाचा हे ठरवणारा तेथे नसतो.

संख्या हे राजकीय रणक्षेत्र आहे, हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. १९३२ साली मताधिकाराच्या प्रश्नावर लोथियन समिती बसली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. तोवर अस्पृश्यांची संख्या किती यावर फारसा वाद नव्हता. पण संख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागेल असे दिसताच काही प्रांतांतले हिंदू पुढारी म्हणू लागले की आमच्याकडे अस्पृश्य नाहीतच, असले तर अगदी थोडे. काल ज्यांना सावलीही चालत नव्हती त्यांना आज कागदावरून नाहीसे करण्याची ही युक्ती बाबासाहेबांनी पुढे आपल्या लेखनात उघडी केली आहे.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. १९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. १९९१ मध्ये ते सुमारे ११ टक्के झाले. दहा वर्षांत आपल्या घरी एवढी मुले जन्मली काय? नाही. १९५६ साली ज्यांनी धम्म स्वीकारला त्यांना अनुसूचित जातींच्या रकान्यातून वगळले गेले होते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना तो दर्जा मिळाला आणि रकाना भरला. म्हणजे १९६१ ते १९८१ या काळातला जो कोणी सरकारी आकडे घेऊन मराठवाड्यातील ‘अनुसूचित जातींचे आरोग्य’ मांडील, त्याच्या तक्त्यात मराठवाड्यातला मोठा बौद्ध समाज नाहीच. रकान्याची व्याख्या बदलली की माणसे दिसतात किंवा नाहीशी होतात. ज्याला आकडे वाचावयाचे आहेत त्याने पहिला प्रश्न हा विचारावा: रकाना कोणी आखला?

३

साथरोगशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात लंडनच्या डॉ. जॉन स्नोची गोष्ट असते. १८५४ साली पटकीच्या साथीत त्याने मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली आणि मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती गोळा झालेले दाखवले. त्याच वर्षी त्याने आणखी मोठे काम केले. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या पाणी पुरवत. एकीचे पाणी शहराच्या गटाराखालचे, दुसरीचे वरच्या अंगाचे. कोणत्या घराला कोणाचे पाणी, हे तो दारोदार विचारत हिंडला आणि दोन्हींकडचे मृत्यू त्याने तोलून पाहिले.

वर्गात ही गोष्ट शिकवताना मला नेहमी आपली गावे दिसतात. स्नोला पाणी कोणाचे, हे शोधावे लागले. आपल्याकडे ते शोधण्याची गरजच नव्हती. गावची विहीर वेगळी, महारवाड्याचा झरा वेगळा, मांगवाड्याचे पाणी त्याहून वेगळे. तुलनेचा तक्ता धर्मशास्त्राने आधीच आखून दिलेला होता. त्यात मृत्यू तेवढे लिहावयाचे होते. पटकी आणि प्लेग मराठवाड्यातून किती वेळा गेले, पण पाणवठ्यानुसार, वाड्यानुसार मृत्यू मांडणारा स्नो काही येथे निपजला नाही. महाडला १९२७ साली जो प्रश्न उभा राहिला तो मानवी हक्काचा होताच. संख्याशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर तो आयुर्मानाचाही होता.

समाजगटानुसार रोग मोजण्याची रीत भारतीय वैद्यकाला ठाऊक नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कर्करोगाचा अभ्यास समाजगटांनुसार केला. हिंदू बायांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक, पारशी बायांत स्तनाचा अधिक, हा फरक त्या काळापासून मांडला जात आला. १९६३ साली मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. जसावाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या आधारे पारशी समाजातील कर्करोगाचा वेगळा हिशेब प्रसिद्ध केला. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच होते. प्रश्न एवढाच की, मूठभर पारशांचा तक्ता वेगळा होऊ शकतो, तर कोट्यवधी अस्पृश्यांचा का होत नाही? ‘हिंदू’ हा एकच रकाना पुरेसा आहे असे मानणे म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरणे होय.

शिवाय या रोगाच्या मागे एक जुना कलंक चिकटलेला होता. पुष्कळ वर्षे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कारणे ‘अस्वच्छता’, ‘लवकर लग्न’, ‘फार बाळंतपणे’, ‘खालचा सामाजिक स्तर’ अशी दिली जात. जिला आंघोळीपुरतेही पाणी भरू दिले जात नव्हते, तिच्या रोगाचे कारण तिची अस्वच्छता! १९८३ साली जर्मनीचे हॅराल्ड त्सुर हाउझेन आणि त्यांचे सहकारी यांनी या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणूचा एक प्रकार शोधून काढला. २००८ साली त्सुर हाउझेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू जगभर सर्व वर्गांच्या, सर्व वर्णांच्या स्त्रीपुरुषांत पसरलेला आहे. बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप जातो. ज्यांच्यात टिकून राहतो त्यांच्यापैकी काहींना दहा-पंधरा वर्षांनी कर्करोग होतो. म्हणजे रोग होण्यापूर्वी तो पकडावयास दहा वर्षांची सवड मिळते. श्रीमंत देशांत या सवडीचा उपयोग झाला आणि तेथे हा रोग ओसरला. आपल्याकडे सवड तशीच वाया गेली. विषाणू भेद करीत नाही. सवड कोणाला मिळते, तेथे भेद सुरू होतो.

४

१९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुका आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील भूम व परंडा हे तालुके तिच्या कक्षेत होते. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या दप्तरावर चालते. खेड्यात दप्तरच नसते. माणूस दवाखान्यात न जाताच मरतो आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून ‘म्हातारपण’ किंवा ‘पोटाचा आजार’ लिहिले जाते. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन, लोकांना रोगाची लक्षणे समजावून, आजारी माणसे शोधण्याची पद्धत घेतली. तेथील बायांत पहिल्या क्रमांकाचा कर्करोग निघाला तो गर्भाशयमुखाचा.

याच पायावर ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती चालवली. पैसा अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानचा होता. डॉ. आर. शंकरनारायणन, डॉ. भगवान नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री ही त्यातली प्रमुख नावे.

रचना अशी. गावांचे ५२ समूह पाडले. त्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बाया होत्या. सोडतीने तेरा-तेरा समूहांचे चार गट केले. पहिल्या गटात विषाणूची तपासणी (३४,१२६ बाया). दुसऱ्यात पेशींची, म्हणजे पॅप तपासणी (३२,०५८). तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य आम्ल लावून पांढरा डाग दिसतो काय हे नुसत्या डोळ्यांनी पाहणे (३४,०७४). चौथा तुलनागट (३१,४८८). त्याला तपासणी नाही, गावात जी काही नित्याची आरोग्यसेवा असेल ती. सोड्‌त एवढ्यासाठी की, कोणता गाव कोणत्या गटात जाईल यावर संशोधकाच्या मर्जीचा अंमल राहू नये. आठ वर्षे या बायांची खबर ठेवली गेली.

एप्रिल २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणू-तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ बाया मेल्या, तुलनागटात ६४. पॅप गटात ५४ आणि आम्ल-तपासणीच्या गटात ५६. शेवटचे दोन आकडे ६४ पेक्षा कमी असले तरी तो फरक योगायोगाचाही असू शकतो, असे गणित सांगते. पहिला फरक मात्र योगायोगाच्या पलीकडचा होता. आयुष्यात एकदा केलेली विषाणू-तपासणी या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, हे जगात प्रथम सिद्ध झाले ते या जिल्ह्यात. जागतिक आरोग्य संघटना आज विषाणू-तपासणीला अग्रक्रम देते. त्यामागील मुख्य पुराव्यांत हा पुरावा आहे.

या बाया कोण होत्या? संशोधनाच्या भाषेत त्या ‘३० ते ५९ वयाचा समूह’. थोडा हिशेब करा. १९९९ साली ज्या ३० ते ५९ वयाच्या होत्या, त्या १९७२ च्या दुष्काळात तीन ते बत्तीस वर्षांच्या होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या, सुकडीवर दिवस काढणाऱ्या, किंवा आईच्या पाठीशी खडीच्या ढिगावर खेळणाऱ्या. खेड्यात बाईला वय विचारले तर ती सन सांगत नाही. ‘दुष्काळात मी रांगत व्हते’, ‘किल्लारीचा भूकंप झाला तवा माझी धाकटी पोटात व्हती’ असे सांगते, आणि आम्ही संशोधक त्यावरून वय काढतो. त्या १,३१,७४६ मागे असा इतिहास आहे. आकड्याला तो दिसत नाही. आकडा वाचणाऱ्याला दिसला पाहिजे.

५

आता तुलनागटाचा प्रश्न. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतील दिंडिगल अशा तीन ठिकाणी त्या काळात अशा चाचण्या झाल्या. अमेरिकेतील डॉ. एरिक सूबा यांनी आक्षेप घेतला की या तिन्हींच्या तुलनागटांत मिळून १,३८,६२४ बायांना तपासणीविना ठेवले गेले आणि त्यांतल्या किमान २५४ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मेल्या. २०१४ साली भारतीय वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात यावर मोठा वाद झडला. तपासणी उपयुक्त असते हे पाश्चात्त्य देशांत दशकानुदशके ठाऊक असताना भारतीय गरीब बायांना ती नाकारून मृत्यू मोजणे नीतीला धरून नाही, ही एक बाजू. दुसरी बाजू संशोधकांची: या खेड्यांत तपासणी मुळातच उपलब्ध नव्हती, आम्ही कोणाचे काही काढून घेतले नाही, येथील परिस्थितीत कोणती पद्धत चालते हे सिद्ध झाल्याशिवाय सरकार पैसा घालणार नाही.

दोन्ही बाजू मी लक्षपूर्वक वाचल्या आहेत. ही चाचणी दलित बायांवर म्हणून केलेली नव्हती, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. सोडत गावांची झाली आणि गावात सगळ्या जाती आल्या. चुकीचा आरोप चळवळीला दुबळी करतो. संशोधकांनी जिथे तपासले तिथे रोग सापडलेल्या बायांवर उपचारही झाले. पण संशोधकांच्या युक्तिवादातल्या एका शब्दापाशी मी थांबतो: ‘नित्याची सेवा’. या जिल्ह्यात नित्याची सेवा शून्य होती, आणि त्या शून्याला निसर्गाची वस्तुस्थिती असल्यासारखे धरले गेले. ते निसर्गाने दिलेले नव्हते. प्राथमिक आरोग्य केंद्रे कागदावर उघडली, बायांच्या तपासणीला खोली नाही, पडदा नाही, बाई डॉक्टर नाही. वर्षानुवर्षांच्या निर्णयांनी ते शून्य घडवले. ज्यांच्या वाट्याला नेहमी शून्य येते त्यांच्यावर तुलनागट उभारणे सोपे जाते. संशोधनाच्या नीतीचा प्रश्न शासनाच्या नीतीपासून तोडून सोडवता येणार नाही तो यासाठी.

६

माझा खरा प्रश्न याहून पुढचा आहे. तीन गटांत ज्यांना तपासणीला बोलावले त्यांतील दर पाचांपैकी सुमारे चार बाया आल्या. कोणत्याही खेड्यातील कार्यक्रमाला हे फार मोठे यश आहे. संशोधकांनी पुढे तपासून सांगितले की आलेल्या बाया तुलनेने तरुण व अधिक शिकलेल्या होत्या. मग पाचवी बाई कोण? वयाने मोठी, कमी शिकलेली. तिच्याबद्दल एवढे कळते. ती कोणत्या वाड्यातली, हे निष्कर्षांच्या तक्त्यावरून कळत नाही. ३४, ५४, ५६ आणि ६४ या मृत्यूंची जातवार फोड त्या निबंधात नाही.

जो गावात काम करतो त्याला हे सुचायलाच हवे. तपासणीची गाडी चावडीपाशी थांबते की समाजमंदिरापाशी, दवंडी कोणत्या गल्लीपर्यंत जाते, शिबिर मजुरीच्या हंगामात आहे की नाही, तपासणारी नर्स कोणाला ‘बसा’ म्हणते आणि कोणाला उभे ठेवते, यावर कोण येणार ते ठरते. धाराशिव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १६ टक्के लोक अनुसूचित जातींचे आहेत. जवळजवळ सहा माणसांत एक. एवढ्या मोठ्या समूहाला रकाना नसणे ही बारीक गोष्ट नव्हे.

यावर शास्त्राच्या नावाने दोन उत्तरे दिली जातात. एक असे की जात हा ‘संवेदनशील’ प्रश्न आहे. माझ्याच एका प्रश्नावलीत या कारणाने जातीच्या रकान्यावर काट मारली गेली होती. बाईला तिच्या पाळीबद्दल, बाळंतपणांबद्दल, नवऱ्याच्या सवयींबद्दल विचारणे संवेदनशील ठरत नाही. जे सगळ्या गावाला ठाऊक आहे ते लिहिणे मात्र संवेदनशील! ही संवेदनशीलता विचारणाऱ्याची आहे, सांगणारीची नव्हे.

दुसरे उत्तर अधिक विद्वत्तापूर्ण आहे. ‘उत्पन्न आणि शिक्षण समान धरले की जातीचा परिणाम उरत नाही, म्हणून जात वगळावी.’ हे कधी कधी गणितात तसे येतेही. पण त्याचा अर्थ काय? समजा, एक माणूस भर उन्हात तहानेने मेला. गावची विहीर त्याला बंद होती. दोर-बादली बाळगण्याचा उपयोगच नसल्याने त्याच्यापाशी ती नव्हती. आता कोणी म्हणाला, ‘दोर आणि बादली समान धरली तर विहिरीच्या बंदीचा परिणाम दिसत नाही,’ तर आपण त्याला काय म्हणू? शिक्षण आणि उत्पन्न या त्या वाटा आहेत ज्यांवरून जात शरीरापर्यंत पोहोचते. वाटा बुजवून टाकल्या आणि मग ‘कोणी आलेच नाही’ म्हटले, तर ते शास्त्र होत नाही. कारण कोणते आणि कारणाची वाट कोणती, हा विवेक संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यांत शिकवला जातो. जातीपाशी आल्यावर तेवढा तो विसरला जातो.

त्याचबरोबर आपल्या बाजूची मर्यादाही सांगितली पाहिजे. समजा, त्या निबंधात जात नोंदली असती. तुलनागटात मृत्यू ६४. सर्व जातींत मरणाचे प्रमाण सारखे असते, तर त्यांतले सुमारे १० अनुसूचित जातींचे निघाले असते. १० च्या जागी १४ निघाले असते तरी ‘हा योगायोग नाही’ असे छातीठोकपणे म्हणता आले नसते. थोड्या मृत्यूंवर मोठा निष्कर्ष उभा राहत नाही. म्हणून जातीचा रकाना मागाहून चिकटवून भागत नाही. किती गावे घ्यावीत, किती बाया, किती वर्षे, हे ठरतानाच तो प्रश्न टेबलावर असावा लागतो. आणि टेबलाशी आपले कोणी बसलेले असावे लागते.

७

निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यानंतर काय झाले? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली हा रोग जगातून हद्दपार करण्याचे धोरण जाहीर केले. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायांपैकी आयुष्यात कधी तरी ही तपासणी झालेल्या बाया भरल्या फक्त १.९ टक्के. ज्या देशाच्या खेड्यांनी पुरावा दिला, त्या देशात शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव बायांपर्यंत त्याचा लाभ पोहोचलेला नव्हता.

शेजारच्या बीड जिल्ह्यात याच रोगाची भीती वेगळ्या कामाला आली. ऊसतोड कामगार बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ साली शासकीय समितीने केली. ८२,३०९ बायांत १३,८६१ बायांची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहा बायांत एक. ‘कॅन्सर होईल’ असे सांगून खासगी डॉक्टरांनी पिशवी काढावयास लावले, असे अनेक बायांनी सांगितले. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, हे त्यामागचे दुसरे कारण. एकीकडे तपासणी नाही, दुसरीकडे तपासणीविना शस्त्रक्रिया. आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने पाहा: जिची पिशवी काढली ती बाई या रोगाच्या पुढच्या कोणत्याही अभ्यासातून बाहेर पडते. उस्मानाबादच्या चाचणीतही गर्भाशय शाबूत असलेल्याच बाया घेतल्या होत्या. अन्याय होतो आणि तोच अन्याय झालेल्या बाईला हिशेबातूनही वगळतो.

आणखी एक आकडा विद्यार्थ्यांनी मनन करावा असा आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२० च्या अहवालात देशातील सर्व नोंदण्यांमध्ये पुरुषांचे सर्वांत कमी प्रमाण उस्मानाबाद-बीडचे आहे: दर लाखामागे ३९.५. मिझोरामच्या ऐजॉल जिल्ह्यात तेच २६९.४. आनंद मानावा काय? रोग खरोखर कमी असेल. तंबाखूच्या व खाण्यापिण्याच्या सवयी वेगळ्या आहेतच. पण जेथे निदान करणारी सोय दूर आहे, जेथे माणूस निदानाविना मरतो, तेथेही आकडा कमीच येतो. कमी आकडा हा कधी आरोग्याचा असतो, कधी उपेक्षेचा. दोन्ही कागदावर सारखेच दिसतात.

८

कार्यकर्त्यांना एक विनंती. आपल्या सभांतून ‘दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा साडेचौदा वर्षे आधी मरते’ हे वाक्य ऐकू येते. संयुक्त राष्ट्रांच्या महिला संघटनेच्या २०१८ च्या अहवालाने ते सर्वत्र पोहोचवले. ते मृत्यूच्या सरासरी वयावरून काढलेले आहे. ज्या समाजात मुले आणि तरुण अधिक, तेथे मरणाचे प्रमाण सारखे असले तरी मृत्यूचे सरासरी वय खाली येते. त्याला आयुर्मान म्हणता येत नाही, आणि विरोधक हे दाखवून देईल तेव्हा आपला खरा मुद्दाही पडेल. याहून भक्कम आकडा उपलब्ध आहे. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी २०२२ साली उत्तर, मध्य व पूर्वेकडील नऊ राज्यांच्या माहितीवरून दाखवले की, सवर्ण हिंदूंच्या तुलनेत दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आहे, आणि नुसत्या गरिबीने या फरकाचा पूर्ण उलगडा होत नाही. तीन वर्षे हा आकडा साडेचौदापेक्षा लहान दिसतो. पण तो उलटतपासणीत टिकतो, आणि कोट्यवधी माणसांची प्रत्येकी तीन वर्षे म्हणजे केवढे आयुष्य! त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या राज्यासाठी हा हिशेब मांडावयाचा आहे.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने पुढील जनगणनेत सर्व जातींची गणना करण्याचा निर्णय जाहीर केला. १९३१ नंतर प्रथमच हा रकाना पुरता उघडेल. पण जनगणना जिवंत माणसे मोजते. मेलेल्यांचा हिशेब मृत्यूनोंदणीत आणि रोगनोंदणीत असतो. देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण लिहिलेले मृत्यू पाचाला एक याच्या आसपासच आहेत. जनगणनेचा रकाना आणि मृत्यूचा रकाना यांची सांगड घातल्याशिवाय जात किती आयुष्य खाते ते कळणार नाही.

म्हणून शिक्षकांनी आपल्या वर्गातल्या गणितात बऱ्या असलेल्या मुलामुलींना ‘डॉक्टर हो, इंजिनियर हो’ याबरोबरच संख्याशास्त्र शिका, असेही सांगावे. चळवळीतल्या तरुणांनी आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन मागील पाच वर्षांची मृत्यूनोंद वाड्यानुसार उतरवून काढावी. त्याला पदवी लागत नाही, चिकाटी लागते. गावात तपासणीची गाडी आली तर ती कोठे थांबते, कोण आले, कोण राहिले, ते लिहून ठेवावे. पूर्वी मरणाचा सांगावा आपण दुसऱ्याच्या वतीने वाहिला. आता दप्तर आपल्या हातात घ्यावयाचे आहे आणि त्यात पाचव्या बाईचे नाव लिहावयाचे आहे.